बिनपाठीची फौज

रंगकामाचा कंटाळा हा चित्रकलेच्या मास्तरात मोठा दोष समजला जातो. माझ्यात तो पहिल्यापासून होता, पण मुलांच्या वह्यांवर लाल शाईने 'ठीक' लिहून तो झाकता येत असे. चारशे मातीचे शिपाई रंगवायची वेळ आली तेव्हा झाकायला जागा उरली नाही.

शिपाई आमच्या शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांचे होते. तापीकाठच्या त्या गावात सगळे त्यांना जिभाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणे. घरची जमीन भरपूर. कापूस, केळी आणि हिवाळाभर अंगण लाल करून टाकणारी मिरची. तरुणपणी मात्र ते शेती भावावर सोपवून लष्करात गेले आणि सुभेदार होऊन परत आले. दुसरे महायुद्ध त्यांनी कोठारात काढले. पलटणींना पीठ, डाळ आणि डबे वाटण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांच्या हातून शत्रूचा एकही माणूस मेला नव्हता. आपली काही माणसे आजारी पडली असतील, तर ती पिठामुळे. पण गावात त्यांची चाल, मिशी आणि खाकी टोपी अशी होती की महायुद्धाचा निकाल त्यांनीच सही करून दिला असावा.

त्या कोठारावर एक इंग्रज कॅप्टन होता. त्याला वेळ जाईना. म्हणून तो संध्याकाळी टेबलावर शिशाचे शिपाई मांडून जुन्या लढाया खेळे. पलटण किती इंच चालेल, तोफ किती लांब पोचेल, कोण कधी पळेल, सगळ्याचे नियम होते. समोर बसायला कोणी नसल्यामुळे तो जिभाऊंना बसवी. कॅप्टन दरवेळी इंग्लंड होई आणि जिभाऊ दरवेळी नेपोलियन. दोन वर्षे ते रोज हरले. परत येताना त्यांनी बरोबर दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे त्या नियमांची हाताने उतरवलेली वही, आणि दुसरी म्हणजे यापुढे आपण कधीही हरणाऱ्या बाजूला बसायचे नाही हा निश्चय.

गावी आल्यावर त्यांनी नियम आपल्या हवेला मानवतील असे करून घेतले. इंचपट्टीच्या जागी गाठी मारलेली सुतळी आली. फाशांच्या जागी पाच कवड्या आल्या, कारण फासे म्हटले की घरातल्या बायकांना जुगार आठवे आणि कवड्या म्हटल्या की पोरींचा खेळ. गावच्या कुंभाराने तापीच्या गाळाचे बोटभर उंचीचे शिपाई साच्यातून काढून भाजून दिले. कापूस गेला की रिकाम्या वखारीत दोन दारे बाकांवर आडवी टाकून, त्यांवर नदीची वाळू पसरून रणांगण तयार होई. तीन उन्हाळे आम्ही तिथे बिनरंगी फौजा लढवल्या. ते मराठे, मी निजाम.

जिभाऊ स्वतः सैन्याला हात लावत नसत. सेनापती लांबून बघतो, हात लावतात ते हवालदार. म्हणून दोन्ही फौजा मीच हलवायचो आणि ते खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. खुर्ची कुठे टाकायची, तर आपल्या माणसांची तोंडे दिसली पाहिजेत म्हणून ती समोरच्या बाजूला. म्हणजे मराठ्यांचा सेनापती निजामाच्या छावणीमागे पाय पसरून बसे आणि तिथून मराठ्यांना हुकूम करी. इतिहासात इतका धाडसी सेनापती माझ्या वाचनात आलेला नाही.

वहीतला एक नियम इथे सांगायला हवा. एखाद्या पथकातले निम्मे शिपाई पडले की मालकाने पाच कवड्या ताटात टाकायच्या. पाचही पालथ्या पडल्या तर ते पथक पळाले. मग त्याला शत्रूकडे पाठ करून सुतळीभर मागे न्यायचे, आणि शेजारच्या पथकांसाठीही कवड्या टाकायच्या. पळणे हे सर्दीसारखे असते, असे त्या कॅप्टनचे म्हणणे होते. म्हणून शेजारच्या पथकांसाठी नियम कडक, टिकायला एक उताणी चालायची नाही, दोन पाहिजेत. तीन उन्हाळ्यांत निजाम अनेकदा पळाला. मराठे एकदाही पळाले नाहीत, कारण पाचही कवड्या पालथ्या पडल्या की जिभाऊ म्हणत, "ताट हाललं," आणि पुन्हा टाकत. ताट पितळेचे, जड होते. ते हललेले मी कधी पाहिले नाही. पण मी पाहत नसे, हेही खरे आहे.

न पाहण्याचे कारण असे, की मी तात्पुरता होतो. तीन वर्षे दर जूनला मला नवा हुकूम मिळे आणि एप्रिलअखेर तो संपे. अमळनेरला माझे लग्न ठरले होते. मुलगी पसंत, पत्रिका पसंत, देणेघेणे काही नाही. मुलीच्या वडिलांची एकच अट होती, की कायम झाल्याचा कागद दाखवा आणि वैशाखातला मुहूर्त घ्या. ते स्वतः कचेरीत कारकून होते; कागदाखेरीज कशावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि तो कागद ज्या पेनातून उतरायचा, ते पेन जिभाऊंच्या खिशात होते.

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात काहीतरी भव्य व्हावे असे हेडमास्तरांच्या मनात आले. भव्य हा त्यांचा आवडता शब्द होता. पिण्याच्या पाण्याचा नवा माठसुद्धा त्यांनी भव्य म्हणून सूचनाफलकावर घातला होता. जिभाऊ म्हणाले की मी लढाई मांडतो. हेडमास्तरांनी पानिपत सुचवले. जिभाऊंनी त्यांच्याकडे नवशिक्या रंगरुटाकडे पाहावे तसे पाहिले.

"हारासाठे कोनी मांडव टाकस का?"

शेवटी खर्ड्याची लढाई ठरली. ती आपण जिंकली होती आणि फारशी कुणाला माहीत नव्हती, त्यामुळे चुका काढणारेही कमी. फक्त आता फौज रंगीत हवी होती. संमेलनानंतर दोन दिवसांनी कमिटीची बैठक होती. तीत माझा विषय होता. जिभाऊ मला म्हणाले, तू फौज रंगव, मग बघू. यात धमकी नव्हती. ते कोठारातले होते. माल आला की पावती, इतकाच त्यांचा हिशेब.

मी दिवाळीच्या सुटीत काम सुरू केले. म्हणजे सुरू करण्याची तयारी सुरू केली. खापर गावच्या बाजारातून धावड्याचा डिंक आणला, तो भिजवला, गाळला, पुन्हा गाळला. नंदुरबारहून पुडीचे रंग आणले. खारीच्या शेपटीचे कुंचले धुतले, ते आधीच स्वच्छ होते. मराठ्यांची पागोटी नेमकी कोणत्या रंगाची असावीत याबद्दल चार दिवस वाचन केले. ते शिपायांसाठी नव्हते. वाचत असताना रंगवावे लागत नाही, यासाठी होते. वाचनातून एवढे कळले की दोन्हीकडच्या कवायती पलटणींना कोट घालून देणारे गोरेच होते आणि ते कोट बरेचसे सारखे दिसत असावेत. हे मी जिभाऊंच्या कानावर घातले. ते म्हणाले, आपल्यांना भगवे घाल आणि त्यांना हिरवे, म्हणजे लोकांची अडचण होणार नाही. चार दिवसांचे संशोधन चार सेकंदांत निकालात निघाले.

ज्यांनी चारशे सारखे शिपाई रंगवले नाहीत त्यांना कंटाळा म्हणजे काय हे ठाऊक नाही. पहिल्या शिपायाला मी एक आख्खी सकाळ दिली. त्याला भुवया होत्या, कपाळाला गंध होते, चेहऱ्यावर घर सोडून आल्याचे दुःख होते. दहाव्याला भुवया राहिल्या नाहीत. तिसाव्याला दुःख संपले. पुढे मी पद्धत बदलली. एक दिवस फक्त पागोटी, एक दिवस फक्त कोट, एक दिवस फक्त मिशा. मिशी म्हणजे कुंचल्याचा एक आडवा फटका. तासाला साठ मिशा पडू लागल्या. यातही एक धोका निघाला. डिंकाला चमक यावी म्हणून मी त्यात गुळाचे पाणी घातले होते. मुलांना मीच तसे शिकवत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी निजामाच्या घोडदळावर मुंग्यांची फौज चढलेली होती आणि तिने तोफांविना विजय मिळवला होता. घोड्यांचे डोळे पुन्हा काढावे लागले.

शिपाई वाळवायला जिभाऊंच्या अंगणात, मिरच्यांच्या पथारीशेजारी ठेवावे लागत. मिरचीचा ठसका लागून माझा हात हले आणि मिशी कानापर्यंत जाई. जिभाऊंच्या घरच्या, ज्यांना आम्ही सगळे माय म्हणत असू, त्या रोज तिथून जाताना थांबत. एकदा गड्याला म्हणाल्या, "बाकीना लोके मिरच्या वायत घालतस, हाऊ मास्तर मानसे वायत घालस." गडी हसला. मीही हसलो, कारण याहून अचूक वर्णन मलाही सुचले नसते.

हेडमास्तर अधूनमधून येऊन निष्ठेविषयी बोलत. त्यांनी आयुष्यात कशालाही रंग दिला नव्हता. जिभाऊ बोलत नसत. फक्त विचारत, "मास्तर, मन्ही फौज कवय तयार व्हई?" मी म्हणे, होत आली. मनात वैशाख धरून मी पुन्हा कुंचला उचले आणि तीन शिपायांनंतर खाली ठेवी. अट कितीही मोठी असो, तिने हात चालत नाही; फक्त झोप जाते.

संमेलनाला आठ दिवस उरले तेव्हा पुढच्या बाजू झाल्या होत्या आणि पाठी राहिल्या होत्या. चारशे पाठी. मी बसून शांतपणे विचार केला. निजाम पहिल्यापासून लोकांकडे पाठ करून उभा राहणार, हे नक्की. म्हणजे निजामाच्या एकशे साठ पाठी हव्यात. मराठे पळणार नाहीत. तीन उन्हाळे पळाले नाहीत. प्रेक्षक आणि सेनापती दोघेही समोर बसणार. मग दोनशे चाळीस मराठ्यांना पाठी हव्यात कशाला? या विचारात मला काहीही खोट दिसली नाही. आजही तर्क म्हणून त्यात खोट नाही. मी निजामाच्या पाठी मन लावून रंगवल्या. पट्टे काढले, पागोट्यांचे शेमले काढले. मराठ्यांच्या पाठी भाजलेल्या मातीच्या तशाच विटकरी राहिल्या, वरून पुढच्या रंगाचे ओघळ आलेल्या. इतकी निवांत झोप मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा लागली.

संमेलनाला धुळ्याहून एक व्याख्याते आले होते. इतिहास हा त्यांचा विषय आणि छाती हे त्यांचे साधन. पागोटे त्यांनी मोटारीतून उतरल्यावर घातले. हॉलमध्ये गाव लोटले होते. मागे मुले बाकांवर उभी होती. जिभाऊंनी खाकी टोपी घातली, वही उघडली आणि सगळे नियम मोठ्याने वाचून दाखवले, पळण्याचासुद्धा. ते वाचताना त्यांचा आवाज जरा चढला, कारण पुढे कोण पळणार हे त्यांना माहीत होते. मग ते आणि व्याख्याते निजामाच्या मागे दोन खुर्च्या टाकून बसले.

फौज सुंदर दिसत होती, हे मी म्हटलेच पाहिजे. भगव्या कोटांची रांग, तासाला साठच्या मिशा, सगळे जण लोकांकडे तोंड करून. व्याख्याते "वा" म्हणाले. लढाई तासभर नीट चालली. माझा निजाम डावीकडे पुढे सरकला, कारण इतिहासाच्या पुस्तकातल्या नकाशात तसे होते, आणि माझ्या कवड्या, मी काही केलेले नसताना, उताण्या पडत गेल्या. मराठ्यांच्या तिकडच्या पथकातले निम्मे शिपाई पडले. जिभाऊंनी पाच कवड्या ताटात टाकल्या. पाचही पालथ्या.

मी थांबलो. ताट हलायची वाट पाहिली. जिभाऊंचे ओठ उघडलेही असावेत. पण मागच्या मुलांनी नियम ऐकला होता आणि त्यांना पळणे फार आवडले होते. ती ओरडू लागली की पळाले, पळाले, फिरवा. हात सवयीने चालला. मी वीस शिपाई एकेक करून फिरवले.

हॉलमधल्या माना आधी पुढे झाल्या. मग पुढच्या रांगेत कुणीतरी हसले. वीस भगवे मर्द अचानक वीस विटा झाले होते. जिभाऊ खुर्चीतून उठले, वाकले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या सैन्याला हात लावला. एक शिपाई उचलून त्यांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला.

"मास्तर, यास्न्या पाठी कोठे ग्यात?"

मला वैशाख दिसत होता आणि तो झपाट्याने लांब जात होता. मी खरे तेच सांगितले.

"जिभाऊ, हे पळतील असं वाटलं नव्हतं."

जिभाऊंनी शिपाई पुन्हा फिरवून पाहिला. त्यांची पंचाईत माझ्या लक्षात आली. रागवायचे तर मराठ्यांना पाठ लागणार होती हे कबूल करावे लागे. तेवढ्यात व्याख्याते उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला सांगितले की या कलावंताच्या कल्पनेतसुद्धा मराठ्याची पाठ येऊ शकली नाही, याला म्हणतात निष्ठा. हेडमास्तरांनी टाळी वाजवली. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी वाजवली. आळसाला इतका मोठा टाळ्यांचा कडकडाट मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतर सभांमधून पुष्कळ ऐकला.

"तेव्हा अध्यक्षमहाराज," व्याख्याते म्हणाले, "कवड्या पुन्हा टाकाव्यात. असा इतिहास घडलेला नाही."

सगळे जिभाऊंकडे पाहू लागले. त्यांच्या हातात शिपाई तसाच होता.

"नियम मीच वाचा ना," ते म्हणाले. "पयनात ते पयनात."

नियम त्यांनीच वाचला होता, तेव्हा पळाले ते पळाले. आणि त्यांनी शेजारच्या पथकासाठी कवड्या टाकल्या. ते पळाले. त्याच्या शेजारचेही. शेवटी ऐंशी मराठे विटकरी पाठी करून धुळ्याच्या पाहुण्यांसमोरून निघून गेले, आणि खर्ड्याची लढाई निजामाने जिंकली. त्यानंतर व्याख्यात्यांचे भाषण झाले. विषय होता, पाठ न दाखवणारी जात. ऐंशी पाठी त्यांच्या समोर होत्या. त्यांनी तिकडे एकदाही पाहिले नाही. अनुभवी माणूस होते.

बैठकीत हेडमास्तरांनी माझ्या निष्ठेचा उल्लेख करून कायम करण्याचा विषय मांडला. कुणी विरोध केला नाही. जिभाऊंनी पेन खिशातून काढलेच नाही. ते म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गडी दोन टोपल्या भरून मराठे माझ्या खोलीवर घेऊन आला. मागून जिभाऊ. ते उंबऱ्यातच उभे राहिले आणि बैठकीत न बोललेले दोन वाक्यांत बोलले.

"भाषन त्यानं करं, ते त्याले लखलाभ. पाठी रंगव, मंग कागद देसू."

मी रंगवल्या. सव्वादोन महिने लागले. शाळा सुटली की रोज दोन-तीन, मिरचीच्या धुळीत, मुंग्या झटकत. हुरूप आला असे म्हणणार नाही. पाठ रंगवणे हे पुढच्यापेक्षाही नीरस काम आहे. तिथे मिशीसुद्धा नाही. अमळनेरहून दोन पत्रे आली. दुसऱ्यात मुलीच्या वडिलांनी लिहिले होते की अजून एक स्थळ सांगून आले आहे, पण घाई नाही. कारकून 'घाई नाही' कधी लिहितो हे मला ठाऊक होते. त्या आठवड्यात मी रोज दहा-बारा पाठी केल्या.

चैत्र संपता संपता जिभाऊंनी वखारीत सगळी फौज उलटी मांडायला लावली आणि एकेक पाठ बघितली. दोन परत केल्या, पट्टा वाकडा म्हणून. मी तिथेच बसून सरळ केल्या. मग त्यांनी खिशातून कागद काढला. तो आधीच टाइप केलेला होता. सही करायला त्यांनी तो वाळूच्या कडेला ठेवला आणि पेन उघडून थांबले. मी न राहवून विचारले की त्या दिवशी कवड्या पुन्हा का टाकल्या नाहीत, इतके लोक टाका म्हणत होते.

"टाकनार व्हतू," जिभाऊ म्हणाले. "ताट हाललं, असं तोंडवर उनं व्हतं. तेवढामा तुन्ह्या त्या उघड्या पाठी दखाई गयात. मंग आखो टाकीसन काय दपाडू?"

म्हणजे माझ्या उघड्या पाठी साऱ्या गावाने पाहिल्यावर पुन्हा कवड्या टाकून लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. अडीच महिने मी मनात त्यांच्या प्रामाणिकपणाला मान देत होतो, आणि तो असा निघाला. माझ्या निष्ठेसारखाच. त्यांनाही ते दिसले असावे.

"आपुन दोन्ही सारखाच शेतस," ते म्हणाले. "म्हनीसन सही करी ऱ्हायनू."

त्यांनी सही केली, शाईवर चिमूटभर वाळू टाकली, फुंकर मारली आणि कागद मला दिला. दुपारच्या एस.टी.ने मी अमळनेरला गेलो. मुलीच्या वडिलांनी कागद चष्मा लावून वाचला, शिक्का बोटाने चाचपला आणि कायम या शब्दावर थोडा वेळ थांबले. मग त्यांनी विचारले की तीन वर्षांत नाही ते एकदम कसे काय झाले, वरिष्ठांना काय पसंत पडले. मी म्हणालो, काम. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आत चहा सांगितला.